सात नंबरचा बोल्ट

१२ ऑक्टो. २००३, रवि.
काल देशमुखांकडे कोजागिरी. पौर्णिमा शुक्रवारीच होऊन गेली, पण इथे अमेरिकेत चंद्राने वीकएंडची वाट बघायची असते. मसाला दूध छान होतं. बाकी सगळं कडू.

नंदू देशमुखने श्री.ला विचारलं, "काय रे, तुझी मोटरसायकल सुरू झाली का?"
श्री. म्हणाला, "होणार कशी? मी इंजिनाचं कव्हर काढून सगळे बोल्ट एका वाटीत नीट ठेवले होते. हिने दसऱ्याची आवराआवर केली, बोल्ट गायब!" सगळे हसले. मग वर, "आणि बाईसाहेब म्हणे मेकॅनिकल इंजिनिअर." पुन्हा हसले. नंदूची वर्षासुद्धा हसली. माझी इथली एकुलती एक मैत्रीण.

पिंपरीच्या कारखान्यात चार वर्षं इंजिन असेम्ब्लीवर होते मी. माझ्या सहीशिवाय कव्हर पुढे जात नसे. आता नवऱ्याच्या व्हिसावर आले, नोकरीला परवानगी नाही, तर लोकांना वाटतं डोकंही एअरपोर्टवर काढून घेतलंय.

दसऱ्याला त्याच्या पाने-स्क्रूड्रायव्हरबरोबर बोल्टांची वाटीही पूजेला मांडली होती, हे खरं. पण संध्याकाळी वाटी जागच्या जागी ठेवली. मला पक्कं आठवतंय.
सोडणार नाही याला.

१४ ऑक्टो., मंगळ.
आजचा सूड: आमटीत मीठ नाही. श्री.ने पापडाबरोबर भात संपवला आणि बातम्या लावल्या. कळलंच नाही बहुतेक. फुकट गेला.

दुपारी वर्षाचा फोन. तिला सांगितलं, बोल्ट श्री.नेच हरवले, ऑफिसात कुणाला तरी दाखवायला नेले होते. तोंडातून निघून गेलं. मला कुठे माहीत आहे? पण दुसरं कोण हरवणार?
व. म्हणाली, "अगं बाई! आणि तुझ्यावर ढकललं?"
व.ला सांगितलं म्हणजे अख्ख्या सनीव्हेलला सांगितलं. छान वाटलं.

१६ ऑक्टो., गुरु.
अपार्टमेंटच्या ऑफिसची नोटीस. कारपोर्टमध्ये, म्हणजे गाड्या लावायच्या छपराखाली, तेलाचा डाग पडलाय, बंद वाहन पाच नोव्हेंबरच्या आत हलवा. श्री.ने जुन्या गाड्या दान घेणाऱ्यांना फोन करून टाकला. ट्रक ३ नोव्हें., सोमवार, दहा ते बाराच्या मध्ये येणार. विषय संपला त्याच्यापुरता.
"मला विचारायचंस तरी."
"तुला काय करायचीये ती?"

ठरलं. १ तारखेला दिवाळीचा फराळ आमच्याकडे आहे. तेच सगळे लोक, तेच सगळे दात. त्यांच्यासमोर गाडीला किक मारणार. मग हसा म्हणावं.

१७ ऑक्टो., शुक्र.
श्री. ऑफिसला गेल्यावर खाली उतरले. १९७८ ची जपानी गाडी, चारशे सीसी. जुलैत श्री.ने ती उभ्या उभ्या उजवीकडे पाडली, इंजिनाचं उजवं कव्हर तडकलं. मग इंटरनेटवरून सेकंडहँड कव्हर मागवलं, सप्टेंबरात बसवलं, तेल झिरपलं, पुन्हा काढलं. तेव्हापासून उघड्या क्लचवर किराणा दुकानाची पिशवी बांधलेली आहे. गाडीचा असा अपमान मी कधी बघितला नाही.

कव्हर टेकतं त्या कडेवर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे. म्हणजे फटीत घालून उचकटलंय! रबरी हातोडीने दोन बाजूंनी टकटक केलं असतं तर स्वतःहून सुटून आलं असतं. आणि बोल्ट वाटीत ठेवतो म्हणे नीट. पहिल्या आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं, पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढायचं आणि ज्या भोकातला बोल्ट त्याच जागी पुठ्ठ्यात खोचायचा. सगळे सारख्या लांबीचे नसतात. वाटी घेतली तिथेच याची अक्कल कळली.

कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर चित्र काढलं. दहा भोकं, नंबर घातले. उदबत्तीची काडी घालून खोली मोजली. सात नंबर सगळ्यात आखूड, आणि त्यातले आटे पार गेलेले. लांब बोल्ट आखूड भोकात घालून पिळत बसलं की हेच होतं.

म्हणजे तेल झिरपत होतं ते यामुळे! याला माहीत असणार. बोल्ट हरवले नसते तरी ते कव्हर बसणार नव्हतं, आणि हे झाकायला माझं नाव पुढे केलं. पण पुरावा नाही.

२० ऑक्टो., सोम.
दोन बस बदलून सॅन होजेला, जुन्या मोटरसायकलींच्या पार्ट्सच्या दुकानात. काउंटरवर रे नावाचा म्हातारा. त्याने आधी विचारलं, नवऱ्याने यादी दिलीये का? मी पुठ्ठा काउंटरवर ठेवला. त्याने चष्मा लावला, पुठ्ठा दोनदा फिरवून पाहिला आणि मग माझ्याशी सरळ बोलायला लागला.

दहा नवे बोल्ट, गॅस्केट, किकच्या दांड्याचं ऑइल सील, तेल. सात नंबरसाठी नवे आटे पाडून त्यात तारेची बारीक गुंडाळी बसवायची, त्याचं किट तो पुढच्या आठवड्यात वापरायला देणार. म्हणाला, तू हे काम करतेस कुठे? मी म्हटलं, कारपोर्टमध्ये. तो म्हणाला, म्हणजे नोकरी कुठे?
मी पुठ्ठा उचलून पिशवीत घातला.

२२ ऑक्टो., बुध.
लिहू का हे? लिहिते. इथे नाही तर कुठे.

दिवाळीची भांडी काढताना बाल्कनीतली निर्माल्याची पिशवी हातात आली. फुलं, अक्षता कचऱ्यात टाकायचं जीवावर येतं, म्हणून साठवते आणि मग खाडीवर नेऊन सोडते. पिशवी जड लागली. ओतली. सुकलेला झेंडू, तांदूळ, दोन सुपाऱ्या आणि दहा बोल्ट. हळदीने पिवळे.

आठवलं सगळं. दसऱ्याला संध्याकाळी आईंचा नाशिकहून फोन आला, मी रिसीव्हर खांद्याला लावून पूजा उचलली. अक्षता बोल्टांवरच वाहिलेल्या. वाटी पिशवीत उपडी केली, धुतली, जागच्या जागी ठेवली. वाटी ठेवलेली आठवत होती, बरोबरच आठवत होती.

श्री. खरं बोलत होता. आणि मी व.ला काय सांगून बसले आहे.
आज सूड नाही. पोळ्या करपल्या, पण त्या मुद्दाम नाही.

२३ ऑक्टो., गुरु.
पण थांब. दहा बोल्ट तपासले. एका लांब बोल्टाच्या टोकाला, आट्यांमध्ये, अॅल्युमिनियमचा चुरा घट्ट बसलाय. बाकी नऊ स्वच्छ. हाच तो. याने सात नंबरचं भोक खाल्लं. पुरावा सापडला!

आणि दाखवता येत नाही. दाखवला की पहिला प्रश्न, मिळाला कुठे? त्याचं खोटं आणि माझा गाढवपणा एकाच बोल्टावर.

दिवसभर विचार केला. सांगेन, कारपोर्टच्या फटीत सापडला. एकच सापडला. बाकीचे नऊ उद्या निर्माल्याबरोबर खाडीत. सात नंबरचा तसाच टिश्यूत गुंडाळून ठेवलाय. पुसला नाही. चुरा निघाला तर पुरावा गेला.
वाईट वाटतंय का? थोडं. पण "म्हणे मेकॅनिकल इंजिनिअर" कानातून जात नाही.

२५ ऑक्टो., शनि.
लक्ष्मीपूजन झालं. श्री.ने नवा शर्ट घातला, चांगला दिसत होता. त्याचाही राग आला.

२८ ऑक्टो., मंगळ.
रेचं किट आणलं. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे ब्लेड आडवं धरून खरवडले, दीड तास. सात नंबरला आटे पाडताना श्वास रोखून धरला होता. तिरकं गेलं असतं तर इंजिनच बाद. सरळ गेलं.

वरच्या मजल्यावरच्या चिनी आजी कठड्याशी उभ्या राहून बघत होत्या. काम झाल्यावर त्यांनी अंगठा दाखवला. अडीच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी.

२९ ऑक्टो., बुध.
नवं सील, नवं गॅस्केट, कव्हर. बोल्ट आधी नुसते उभे केले. सगळ्यांची मान सारखी बाहेर दिसली पाहिजे. दिसली. मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेले, एका दमात कुठलाच नाही. हातांना सगळं आठवत होतं. दोन तास मला श्री.ची आठवणच आली नाही. आली तेव्हा परत चिडले.

तेल भरलं. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलंय.

३१ ऑक्टो., शुक्र.
वर्तमानपत्र कोरडं. एक थेंब नाही. बॅटरी चार्ज करून घेतली. चौथ्या किकला सुरू. लगेच बंद केली, श्री.ची यायची वेळ झाली होती. नखातलं तेल निघेना, त्याच हातांनी चकल्या तळल्या.
श्री. म्हणाला, "चकली मस्त झालीये." खा.

१ नोव्हें., शनि.
सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी स्वतःच बदलून सांगेन.

फराळ झाला. बारा माणसं. चहाच्या आधी मी म्हटलं, जरा खाली चला सगळे. श्री. म्हणाला, "काय आहे खाली?" मी पायऱ्या उतरले. साडीचा पदर खोचला आणि किक मारली. तिसऱ्याला गाडी सुरू झाली. नंदू ओरडला, "वहिनी, कमाल आहे तुमची!" टाळ्या. व.ने मला मिठी मारली आणि श्री.कडे असं काही बघितलं की माझा सूड तिथेच पुरा झाला असता. तिथे थांबायला हवं होतं.

पण श्री. हसत म्हणाला, "अरे, मी बरंचसं करून ठेवलं होतं. शेवटचा हात हिने फिरवला."

मी टिश्यू उघडून बोल्ट नंदूच्या हातावर ठेवला. म्हटलं, "हा बघा तुमच्या मित्राचा हात. लांब बोल्ट आखूड भोकात घालून पिळला, आटे घालवले, आणि नाव माझं सांगितलं. इथेच फटीत सापडला."

नंदूने बोल्ट उजेडात धरला. तोही मेकॅनिकलच, मागून सॉफ्टवेअरमध्ये गेलेला. चुरा बघितला, मान हलवली. मग बोटं चोळून बघितली. "वहिनी, याला हळद कशी लागलीये?"

जपून ठेवला होता ना. न पुसता.

व. आधी हसली. "दसऱ्याची पूजा! अगं माधवी, म्हणजे बोल्ट तुझ्याकडेच होते? आणि मला तर तू म्हणालीस..." मग एकदम थांबली. कुणालाच कुणाकडे बघता येईना. इंजिन चालूच होतं, ते मी बंद केलं.

श्री. म्हणाला, "आटे मीच घालवले." एवढंच. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि वर जाऊन चहा टाकला.
मी रिकाम्या टिश्यूची घडी करत राहिले. माझी पाळी होती, कळत होतं मला.

२ नोव्हें., रवि.
दिवसभर घरात दोघं. त्याने स्वतःचे कपडे स्वतः धुतले. आमटीत मी मीठ बरोबर घातलं, त्याने वरून आणखी घेतलं.
दोनदा बोलायला गेले. दोन्ही वेळा ते वाक्य मीच कोजागिरीच्या दुधासारखं आटवत बसले आणि उरलं काहीच नाही.
त्याने तरी कुठे माफी मागितली? चूक कबूल करणं आणि माफी मागणं, यात फरक आहे. माझ्याकडून तर दोन्ही नाही.

३ नोव्हें., सोम., सकाळी ९.४०
श्री. आठलाच गेला. ट्रक कॅन्सल केलेला नाही. मीही केला नाही. बोलावला त्याने, कॅन्सलही त्यानेच करायला हवा.

टेबलावर गाडीच्या मालकीचा गुलाबी कागद, वर किल्ली. देणाऱ्याच्या जागी श्री.ची सही, आजची तारीख. घेणाऱ्याच्या नावाची ओळ कोरी. चिठ्ठी नाही.

ट्रकवाल्यासाठी ठेवलाय की माझ्यासाठी? फोन करून विचारता येईल. विचारणार नाही. कागद ट्रकवाल्याचा असला आणि मी माझं नाव घातलं, तर पुढच्या कोजागिरीला नवा किस्सा तयार. माझ्यासाठी असला आणि मी ट्रकवाल्याला दिला, तर मग आमच्यात पुन्हा कधी काही नीट बसायचं नाही, हे मला आत्ता इथे स्वच्छ दिसतंय. आणि घेतला तर लोक म्हणतील माफ केलं. मी माफ केलेलं नाही. त्यानेही केलं नसेल.

९.५५. ट्रकवाल्याचा फोन. वळणावर आहे, कागद तयार ठेवा म्हणाला. मी हो म्हटलं.

कोऱ्या ओळीवर पेनाने एक अक्षर लिहून बसले आहे. माझ्या नावातलं पहिलं. मागच्या बाजूला छापलंय, खाडाखोड केल्यास कागद बाद.