तोकुनागांना न केलेला फोन

प्रिय मिनाको,

पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून सांगून टाकते: गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. बागेतल्या पर्सिमनच्या झाडाला यंदा फळ कमी आहे, आणि जे आहे ते कावळ्यांनी वाटून घेतलं आहे. गुरुवारी फोनवर तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी एका शब्दात उत्तर दिलं. ते उत्तर खोटं होतं. बुधवारच्या आत तुला खरं कळायला हवं, म्हणून हे पत्र आजच टपालात पडलं पाहिजे. फोन करायला गेले होते. तीनदा उचलला, तीनदा ठेवला.

मी तोतरी आहे, मिनाको. सहा वर्षांची होते तेव्हापासून. तू हसशील, म्हणशील, आई, मी छत्तीस वर्षं तुझी मुलगी आहे, मला नसतं का कळलं? नाही कळलं, कारण तेवढं एकच काम मी आयुष्यात मन लावून केलं. जो शब्द अडणार तो मला चार शब्द आधीच दिसतो, आणि मी वाट बदलते. दुसरा शब्द घेते, नाहीतर गप्प बसते. शेजारणी मला शिष्ट म्हणतात ते मला ठाऊक आहे. शिष्ट म्हटलेलं मला चालतं. खाणावळीत तुझे बाबा जे मागवतील त्यावर मी म्हणायची, "मलाही तेच." बाबा सगळ्यांना सांगायचे, "हिला स्वतःची अशी आवडच नाही." मला तळलेल्या कोळंबीचं ताट आवडतं. तीस वर्षं मी गार नूडल्स खाल्ल्या.

शाळेत धडा वाचायचा तो रांगेने, एकेकाने एकेक वाक्य. माझ्या पुढे किती डोकी आहेत ते मोजून मी माझं वाक्य आधीच शोधून ठेवायची. त्यात 'त' नाहीतर 'क' पहिला असला की माझी पाळी तिथेच अडायची. सगळा वर्ग माझ्याकडे बघत थांबायचा आणि मी तोंड उघडून उभी. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणायचा, "बाई, हिची टेप अडकली." बाईसुद्धा हसायच्या, वाईट नव्हत्या तरी. आमची आत्या म्हणायची, "कोणाची तरी नक्कल केली असेल हिने, म्हणून लागलं." गावात तोच समज होता, की हे ऐकून ऐकून लागतं. समोरच्या घरातल्या बाईंनी त्यांच्या मुलींना माझ्याशी खेळू नका म्हणून बजावलं होतं. माझ्या आईने त्यांच्याकडे जाऊन, वाकून माफी मागितली. कशाची माफी, ते मला आजही कळलेलं नाही.

आता ती गोष्ट, जी तू मला कधीच माफ केली नाहीस. तू तिसरीत होतीस, नाशपातीच्या बागेत सहल जायची होती. वादळ आलं आणि सकाळी सहाला निरोप आला, सहल उद्यावर गेली, आज नेहमीसारखं दप्तर आणा, पुढच्या घराला कळवा. शाळेचा निरोप एका घराने पुढच्या घराला फोनने द्यायचा, त्याची यादी फ्रिजवर चिकटवलेली होती. आपल्यानंतर तोकुनागा. बाबा कामावर निघून गेले होते. मी फोन लावला. पलीकडून तोकुनागाबाई म्हणाल्या, "हॅलो? कोण बोलतंय?" आणि माझी जीभ टाळूला चिकटली ती सुटेचना. फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "सकाळी सकाळी चावटपणा करायला लाज वाटत नाही?" त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. यादीतल्या त्यांच्या पुढच्या घराला लावायचा, हे मला सुचलं होतं. पण तिथेही बोलावंच लागलं असतं.

मग मी सायकल काढली. तू झोपली होतीस. पुलावर वाऱ्याने दोनदा पाडलं, आणि मी पोचले तोवर त्यांच्या घराला कुलूप लागलं होतं. त्या दिवशी यादीत आपल्यानंतरची सात मुलं पाठीवर सहलीची पिशवी नि डबा घेऊन भर वादळात शाळेच्या मैदानात उभी राहिली. "तुझी आई झोपली होती काय गं?" मुलांनी तुला वर्षभर छळलं. मी पालकांच्या सभेत वाकून म्हटलं, "विसरले." तू घरी येऊन रडत मला विचारलंस, "असं कसं विसरलीस?" तुलाही मी तेच सांगितलं, कारण निष्काळजी आई म्हणवून घेणं मला सोपं वाटलं. त्या दिवसापासून घरातला फोन तू उचलायला लागलीस. नऊ वर्षांची पोर. मला सुटल्यासारखं झालं, याची मला फार लाज वाटते.

बाबांना बहुतेक ठाऊक होतं. घरी असले की फोन वाजताच हातातलं टाकून उठायचे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. ते गेल्यावर शोक करायला आलेल्यांपुढे मी नुसती वाकत राहिले, आणि लोक म्हणाले, बाई किती धीराची आहे.

तुझी लेक झाली आणि तामाकी हे नाव तू कळवलंस तेव्हा मी "छान आहे" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन ते म्हणून पाहिलं. निघालं नाही. नववर्षाला तू म्हणालीस, "आई, चार वर्षांत तू तिला एकदा नावाने हाक मारली नाहीस. बाळ, बाळ काय करतेस? जवळ घेत नाहीस, गोष्ट सांगत नाहीस. तिला वाटतं आजीला मी आवडत नाही." मी उठून भांडी घासायला गेले. नावाचं एक झालं. पण जवळ मी मुद्दाम घेत नव्हते. आत्याचं म्हणणं खोटं आहे हे मी वाचलं आहे, डॉक्टरही टीव्हीवर सांगतात. तरी मनातून जाईना. तिच्या कानावर माझं बोलणं पडायला नको, एवढंच मी बघत आले. तिच्यासारखी गोड पोर मांडीवरून उतरवताना मला काय व्हायचं ते लिहिता येत नाही.

आणि गुरुवारी तू सांगितलंस, की तीन आठवडे झाले, तामाकी पहिल्या अक्षरावर अडकते, डोळे मिटते, पाय आपटते, आणि आता बालवाडीत बोलतच नाही. बुधवारी डॉक्टरांकडे जायचं आहे, ते घराण्याची माहिती विचारतात. "आई, आपल्याकडे कोणी होतं का गं असं?" मी म्हणाले, "नाही." हा शब्द माझा कधी अडत नाही, म्हणून आयुष्यभर तोच वापरला. दूर राहून काही टळलं नाही, मिनाको. ते माझ्याकडूनच तिच्यात गेलं, आणि वर आजीही मिळाली नाही तिला. सावकाश बोल, श्वास घे, असं तिला सांगू नका. तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याने बरं होईल असं म्हणत नाही. माझं झालं नाही, आणि मला काही उपाय ठाऊक नाही. डॉक्टरांच्या कागदावर त्या रकान्यात लिही: आईची आई, वय सदुसष्ट, लहानपणापासून, अजूनही. त्यांनी बोलावलं तर मी येईन, पण तिथे माझ्याने बोलवेल असं वाटत नाही. त्यांना हे पत्रच दाखव.

तुझीच,
आई