मॉड्यूल शून्य

२ जानेवारी, सोमवार
प्रिन्सिपॉलसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. फिजिक्समध्ये सहामाहीला बत्तीस मुलं आडवी झाली आहेत. त्यांची फेरपरीक्षा वीस फेब्रुवारीला. तिच्यात जो नापास होईल त्याला वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं. तर या मुलांसाठी मी एक छोटासा ऑनलाइन कोर्स करावा असं साहेबांचं म्हणणं. फोनपुढे बोलून चार व्हिडिओ टाका, पुष्कळ झालं, असंही म्हणाले. साहेब इतिहासाचे. कोर्स आणि व्हिडिओ यांतला फरक त्यांना कळत नाही, त्यांचा दोष नाही.

मी जो कोर्स करणार तो जगभरातली मुलं करतील. बत्तीस ही नुसती सुरुवात.

ता. क. बत्तिसांत आमची कन्याही आहे. फिजिक्सच्या मास्तरची मुलगी, फिजिक्समध्ये नऊ मार्क. स्टाफरूममध्ये कुणी चकार शब्द काढला नाही. ते जास्त लागलं.

४ जानेवारी
संकल्प: रोज पहाटे साडेपाचला उठून कोर्सचं काम. आज सव्वाआठला उठलो. पण पडल्या पडल्या विचार चालू होता, त्यामुळे तो वेळ कामातच धरायला हरकत नाही.

कोर्स कसा आखावा यावर बरंच वाचलं. कोर्स म्हणे शेवटाकडून आखायचा. आधी मुलांना अखेरीस काय येईल ते लिहून काढायचं. त्यात 'समजेल' हे क्रियापद चालत नाही, कारण समजलं की नाही ते मोजता येत नाही. 'सांगू शकेल', 'काढू शकेल', 'पडताळू शकेल' चालतं. वीस वर्षं माझ्या वर्गात मुलांना काही समजत का नव्हतं याचा आज उलगडा झाला. क्रियापदच चुकीचं होतं.

९ जानेवारी
उद्दिष्टं झाली. एकूण एकशे चार. रंगीत प्रिंट काढून बेडरूमच्या भिंतीवर ओळीनं चिकटवली. बायको हॉस्पिटलात नर्स आहे, सध्या रात्रपाळी. सकाळी घरी आली, भिंतीकडे पाहिलं आणि यातलं एक तरी उद्दिष्ट कपडे वाळत घालण्याचं आहे का, असं विचारून झोपी गेली. दूरदृष्टी सगळ्यांनाच नसते.

११ जानेवारी
कन्या पुस्तक घेऊन आली. पाण्यात घातलेली पेन्सिल वाकडी का दिसते, ते सूत्रासकट सांगा म्हणाली. मी म्हटलं, बाळ, ते मॉड्यूल चारमध्ये येतंय. ती म्हणाली, आत्ता दोन मिनिटांत सांगा ना. मी तिला नीट समजावलं की तुला एकटीला आधी सांगितलं तर तो इतर एकतीस मुलांवर अन्याय होईल, आणि शिवाय मॉड्यूल चारची मजा जाईल. मी कुणाला सांगणार नाही, असं म्हणाली. मी बधलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

पेन्सिल आणि ग्लास तिथेच टेबलावर ठेवून गेली. आवराआवरीची सवय म्हणून नाही या मुलीला.

१५ जानेवारी, रविवार
स्वागताचा व्हिडिओ. बेडरूममध्येच, कारण पडदा निळा आहे आणि निळ्या रंगानं विश्वास वाटतो म्हणतात. पहिल्या वेळी शर्टाची कॉलर दुमडलेली. दुसऱ्या वेळी वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन सुरू. पुढे तर मी स्वतःचंच नाव विसरलो. तीन तास खपून शेवटी एक व्हिडिओ असा काही जमला की मीच भारावलो. 'मित्रांनो, ज्ञान म्हणजे' इथपर्यंत आवाज काय लागला होता.

नंतर पाहिलं तर मागे पलंगावर गोधडीचा ढीग दिसतो. 'ज्ञान म्हणजे' म्हटल्यावर ढीग कूस बदलतो आणि तो लाइट बंद करता का, असं म्हणतो. नाइलाज आहे, हाच ठेवणार. आवाज परत तसा लागायचा नाही.

२० जानेवारी
स्ट्रक्चर तयार! बारा मॉड्यूल. प्रत्येकाचा रंग वेगळा, प्रत्येकाला चित्र. प्रकाशाला टॉर्च, उष्णतेला किटली, विजेला बल्ब. किटलीसाठी दोन दिवस गेले, कारण आधीची किटली थोडी बदकासारखी दिसत होती. नाव दाबलं की मॉड्यूल उघडतं आणि आत 'मजकूर लवकरच' अशी पाटी दिसते. अतिशय देखणं झालंय.

म्हणजे नव्वद टक्के काम संपलं. आता फक्त आत शिकवायचं काय ते भरायचं. ते काय, वीस वर्षं तोंडपाठ आहे. सवडीनं करू.

२३ जानेवारी
साहेबांनी जिन्यात गाठून विचारलं, कोर्स कुठवर आला. नव्वद टक्के म्हटलं. मग शुक्रवारी सुरूच करा म्हणाले.

शुक्रवारला चार दिवस, आणि आत बाराही पाट्या 'मजकूर लवकरच'. पण संध्याकाळी फार मूलभूत विचार सुचला. आजची मुलं उड्या मारतात. एक धडा धड पुरा न करता दुसऱ्याकडे पळतात. यावर उपाय म्हणजे कुलूप. सुरुवातीला 'मॉड्यूल शून्य: हा कोर्स कसा करावा'. त्यावर दहा प्रश्न. दहापैकी दहा मिळाले तरच पुढचे बारा उघडणार. शिस्त लागेल, पाया पक्का होईल. मुलांचा यात आठवडा तरी जाईल. त्यात मलाही मजकूर भरायला सवड मिळते, पण तो मुद्दा गौण आहे.

२६ जानेवारी
प्रश्न तयार. नंतर लक्षात आलं की सगळी बरोबर उत्तरं 'ब' येताहेत. दिसायला बरं दिसेना. पर्याय इकडेतिकडे फिरवले. आता पान छान भरलेलं वाटतं.

२७ जानेवारी, शुक्रवार
कोर्स सुरू. बत्तिसांच्या बत्तीस मुलांनी नोंदणी केली. गोधडीचा व्हिडिओ सर्वांनी पाहिला, काहींनी पाच-पाच वेळा. मुलांमध्ये एवढी जिज्ञासा असेल असं वाटलं नव्हतं.

३० जानेवारी
मॉड्यूल शून्यवर एकूण प्रयत्न: सहाशे अकरा. कोर्सच्या पहिल्या पानावर आकडा येतो, दर तासाला पाहतो. आपल्या वर्गात पेंगणारी हीच का ती मुलं?

२ फेब्रुवारी
काही मुलांचे मेसेज. सर, उघडत नाहीये. सर, नऊच मार्क पडतात. सर, प्लीज. सगळ्यांना अगदी नऊच पडताहेत, कमाल आहे. मी सर्वांना एकच उत्तर पाठवलं की त्या शेवटच्या एका मार्कातच माणूस घडतो, शांतपणे पुन्हा वाचा. तयार घास भरवायची सवय लावली आहे आपण यांना. मी ती मोडणार.

मॉड्यूल एक लिहायला बसलो होतो. अक्षरांचा आकार ठरेना.

६ फेब्रुवारी
साहेबांना आकडा दाखवला: एक हजार आठशे चाळीस प्रयत्न. साहेबांचे डोळेच विस्फारले. इतिहासाच्या वर्गात एवढी मुलं आयुष्यात कधी जागी नव्हती म्हणाले. मीही नम्रपणे, सगळं स्ट्रक्चरचं श्रेय आहे, असं म्हणालो.

८ फेब्रुवारी
कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेपाशी गेलो तर आत मॅथ्सच्या मॅडम. फळ्यावर भिंगाची आकृती, हातात खडू, आणि समोर माझीच मुलं. मोजली नाहीत, पण बरीच होती. कन्याही होती, शेवटच्या बाकावर. मला पाहून तिनं मान खाली घातली.

मॅडमना बाजूला घेऊन विचारलं. त्या म्हणाल्या की मुलं मागे लागली, फेरपरीक्षेचं टेन्शन आहे, मला जेवढं येतं तेवढं सांगते. मला त्यांची दयाच आली. ना उद्दिष्टं, ना रंग, ना किटली. मुलं आपली येतात, विचारतात, या सांगतात. मी म्हटलं, चालू द्या, माझ्या कोर्सला पूरकच आहे. त्या पुन्हा फळ्याकडे वळल्या.

घरी कन्येला विचारलं, घरात कोर्स असताना तिकडे कशाला जातेस. ती म्हणाली, मैत्रिणी जातात म्हणून.

१२ फेब्रुवारी, रविवार
बायकोशी वादावादी. तिची सुट्टी होती, म्हणजे पूर्ण झोप झालेली, म्हणजे धार चढलेली. तिनं विचारलं, बारांपैकी किती धडे झाले. मी म्हटलं, प्रश्न चुकीचा आहे, आराखडा महत्त्वाचा. तिनं विचारलं, किती. मी म्हटलं, दीड. तो दीड कुठे आहे, असं विचारलं. मी म्हटलं, डोक्यात. तेव्हा ती म्हणाली की पोरगी रात्री रडते, तुम्हाला ठाऊक आहे का. वर्ष गेलं तर मैत्रिणी पुढे जातील आणि बाबांची मान खाली जाईल म्हणते. लॅपटॉप मिटा आणि तिच्याशेजारी जाऊन बसा.

वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. उठून तिच्या खोलीपर्यंत गेलोही. ती दाराकडे पाठ करून वाचत होती. तसाच परत आलो. मग ठरवलं, भावनेच्या भरात एकदोन धडे तोंडी सांगून टाकण्यापेक्षा तिच्यासाठी मॉड्यूल एक असं करायचं की बस्स. उद्यापासून साडेपाच.

१३ फेब्रुवारी
नऊ वाजून दहा.

१६ फेब्रुवारी
मॉड्यूल एकचं पहिलं वाक्य लिहिलं: 'प्रकाश ही एक अद्भुत गोष्ट आहे.' अद्भुत की विलक्षण? उद्या ठरवू.

२० फेब्रुवारी, सोमवार
फेरपरीक्षा. मी सुपरव्हिजनला नव्हतो, मुद्दाम सुट्टी घेतली. कन्या निघताना पाया न पडता नुसतं येते म्हणाली. मी तिला शुभेच्छा म्हणून सांगितलं की शांत डोक्यानं लिही, आणि मॉड्यूल शून्यमधल्या सूचना आठव. तिनं बॅगेची चेन लावली आणि गेली.

दिवसभर काही सुचलं नाही. तिला पेन्सिलीचा प्रश्न आला असेल का?

२५ फेब्रुवारी, शनिवार
निकाल! बत्तिसांपैकी सत्तावीस पास. कन्या पास! चाळीसपैकी पंधरा, पासापुरते चौदा लागतात. नोटीस बोर्डापुढे तिचा नंबर मी तीनदा बोट ठेवून वाचला.

साहेबांनी स्टाफ मीटिंगमध्ये माझं जाहीर अभिनंदन केलं. तीन हजारांवर प्रयत्न आणि असा निकाल, म्हणाले. परवा शेजारच्या कॉलेजांतले सहा-सात शिक्षक कोर्स पाहायला येणार आहेत. मी स्ट्रक्चरवर दोन शब्द बोललो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅथ्सच्या मॅडमनीही वाजवल्या, सगळ्यात उशिरापर्यंत.

मोठ्या मनाच्या बाई आहेत. मॉड्यूल तेरा त्यांना द्यावं म्हणतो.

२६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी चहाला तिघंही होतो. मी कालचं भाषण पुन्हा म्हणून दाखवलं. म्हटलं, एकच गोष्ट खटकते. तीन हजारांवर प्रयत्न झाले, पण एकाही मुलानं येऊन 'सर, कुलूप उघडलं' असं सांगितलं नाही.

कन्या म्हणाली की सातव्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं टाकलंय. पर्याय फिरवले असतील आणि उत्तर तिथंच राहिलं असेल. मी म्हटलं, अशक्य. कुठला सातवा? ती म्हणाली, एखादी गोष्ट समजली नाही तर काय करावं, तो. सगळी मुलं 'लगेच विचारावं' निवडतात, ते चुकेल असं कुणाला वाटतच नाही, आणि नऊ मार्क पडतात. तिनं दुसऱ्याच दिवशी 'गप्प बसावं' निवडून पाहिलं. दहापैकी दहा. उघडलं.

मी म्हटलं, मग वेडाबाई, पुढचे धडे का नाही पाहिलेस?

विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

ती म्हणाली, पाहिले की. बाराही पाहिले.

बायको उठली आणि कुणाचाच चहा संपला नसताना कप उचलायला लागली. मी विचारलं, मुलांना सांगितलंस? कन्या म्हणाली, नाही. माझंही उघडत नाही असं सांगितलं सगळ्यांना. ग्रुपवर त्यांच्याबरोबर रोज तीही नऊ मार्क पाडत बसायची. मॅडमनाही तेच सांगितलं. मॅडमनी एकदा विचारलं होतं की घरी बाबांना का नाही विचारत. तेव्हा बाबा कोर्सच्या कामात आहेत असं म्हणाली.

हे सगळं ती बिस्कीट बुडवत सांगत होती. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मी लॅपटॉप ओढला. म्हटलं, सातवा प्रश्न आत्ता दुरुस्त करतो, पाच मिनिटांचं काम आहे. तिनं लॅपटॉपवर हात ठेवला. म्हणाली, बाबा, नका करू. उद्या ते बाहेरचे शिक्षक येणार आहेत ना. तेवढं कुलूप राहू द्या.