हनुवटी जरा खाली, साहेब!

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा कोरडा नमस्कार (माझं बाकी काहीच सध्या कोरडं नाही). तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या गुडघ्यांची खबर तुझ्या भावजयीने फोनवर दिलेली दिसते, नाहीतर या वयात चिखलात लोळणं बंद कर, असं फर्मान तू धाडलं नसतंस. तर ऐक. बंद करणार नाही. अक्षर वाकडं दिसेल, कारण हे मी तळ्याकाठी मांडीवर पुठ्ठा ठेवून लिहितो आहे. चष्मा पुसून वाच.

तळ्याच्या उथळ पाण्यात एक राखी बगळा उभा असतो. मी त्याला साहेब म्हणतो, कारण तो तासभर काहीही न करता अतिशय कामात दिसतो. मग एकदम मान सुटते, मासा चोचीत आडवा येतो आणि पापणी लवायच्या आत गिळून होतो. तो आडवा मासा मला फोटोत हवा आहे. अकरा दिवस झाले. मासा चोचीत आला की माझं बोट बटणावर जातं आणि तोंडातून आपसूक निघतं, "हं, हनुवटी जरा खाली, हलू नका!" एकेचाळीस वर्षं स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढले की बोट आणि तोंड एकाच तारेला जोडली जातात, त्याला मी काय करू? साहेब माशासकट उडतात. माझ्याकडे आता शेपटीचे दहा उत्तम फोटो आहेत. (नवव्या दिवशी तोंडाला मफलर बांधला, तर त्यातून जास्तच मोठ्याने ओरडलो. अकराव्या दिवशी तोंडात अख्खं बिस्किट कोंबलं. ठसका लागला आणि पडलो. चिखलात घसरून पडलो ही तुझ्या भावजयीने केलेली बदनामी आहे.)

पलीकडच्या काठावरचे पक्षीवाले हसतात. हसू देत! जन्मभर मी जित्याजागत्या माणसांना हलू नका म्हणत आलो, खिदळणाऱ्या पोरींना गप्प बसवलं. सगळा संसार त्यावर झाला, पण एकही हलता जीव माझ्या हातून टिपला गेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हा तुझी परवानगी मागत नाही, फक्त कळवतो आहे.

तुझं न ऐकणारा,
धाकटा

ता. क. परवानगी नको, पण हात हवा आहे. बाबा दुपारी झोपले की तू माझं तोंड दाबून धरायचीस, तसं कुणालाच जमत नाही. तुझ्या भावजयीला विचारलं, तर म्हणाली, एकदा हात ठेवला की काढायची नाही. रविवारी ये. बसायला कोरडं पोतं ठेवतो.

आणखी एक. पुठ्ठ्याचं खोटं सांगितलं. घरात टेबलावर बसूनच लिहितो आहे. हात थरथरतो, डॉक्टर म्हणतात वाढत जाईल. घरात अजून बोललो नाही, तूही बोलू नकोस. रविवार म्हणजे हाच रविवार, ताई. पुढचा नव्हे.