टॉकीजमधल्या मेलेल्या मामांना

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे हे एरवी मी रीत म्हणून विचारतो, या वेळी मनापासून विचारतोय, कारण एक कबुली द्यायची आहे. मी तुम्हाला मारलंय. रागावू नका, आधी पूर्ण वाचा. इथे दुकानात मी सगळ्यांना सांगितलं की आमचे मामा या टॉकीजचे ऑपरेटर होते आणि मशीनच्या खोलीतच, रीळ बदलता बदलता, गेले. (तुम्हाला दुखलं नाही. तेवढी काळजी मी घेतली.)

तुम्ही शेवटचा खेळ संपवून मशीनवर चादर घातलीत, त्यानंतर टॉकीजचे फार हाल झाले. आधी बटाट्यांचं गोडाऊन झालं, मग नुसतं कबुतरांचं. आता आमच्या शेठनी तिथे गाद्या, कपाटं, खुर्च्या मांडल्यात आणि मला हमालीला ठेवलंय. पण जुन्या खुर्च्या उपटल्या तरी जमिनीचा उतार काही गेला नाही. सपाट करायला शेठचा जीव होत नाही, म्हणून चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूखाली लाकडी पाचर मारणं हे माझं मुख्य काम. पाचर विसरली की माल निघाला पडद्याकडे. तुमचे डोअरकीपर आजोबाही आहेत अजून, आता वॉचमन म्हणून. पण भर दुपारी गिऱ्हाइकाच्या पायाशी बॅटरी मारत त्याला सोफ्यापर्यंत नेतात, वर "बोलू नका, मागच्यांना त्रास होतो" असा दमही देतात.

आता तुम्हाला का मारावं लागलं ते सांगतो. तुमच्या खोलीत मी एक गादी चढवून ठेवली होती. (सॅम्पलची. कुणीतरी झोपून बघायला हवीच की.) जेवणानंतर तिथे छान डोळा लागायचा. तर शेठच्या डोक्यात आलं की त्या खोलीत आपलं ऑफिस थाटायचं. मी म्हटलं, "थाटा की शेठ. फक्त मामांना एकदा विचारून घ्या." "कुठे असतात तुझे मामा?" "तिथेच." झालं. हमाल जिना चढेनात आणि शेठ ऑफिसचं नाव काढेनात.

पण तेवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला. परवा लाइट गेली तेव्हा मी तुमच्या खोलीतल्या त्या चौकोनी भोकातून बॅटरीचा झोत खाली सोडला. नेमके शेठ चाकाच्या खुर्चीवर बसून एका बाईंना "बघा, कशी भक्कम" असं दाखवत होते. बाई किंचाळल्या, शेठ दचकले, पाय लागून पाचर उडाली आणि शेठ निघाले. हात वर, चपला मागे, "अरे धरा रे, धरा!" करत अख्खा उतार उतरले आणि पडद्याच्या जागी रचलेल्या गाद्यांत घुसले. लागलं काही नाही, पण तोंड पांढरंफटक. म्हणाले, "मला मागून कुणीतरी ढकललं. हात गार होते."

मी हसलो. तेच शेवटचं. कारण लगेच शेठनी बिल्डरला बोलावलं. "भुताटकीची जागा मला नको. पाड आणि बांध काय बांधायचं ते." येत्या शनिवारी सौदा आहे. म्हणजे टॉकीज जाणार, माझी नोकरी जाणार आणि आजोबांना तर दुसरं घरच नाही, ते तिकिटाच्या खिडकीमागे झोपतात.

आणि मामा, खरी भीती पुढेच आहे. काल भर दुपारी मी खाली, शेठ खाली, हमाल झाडून सगळे खाली, आणि वरच्या भोकातून झोत आला. माझी बॅटरी माझ्या खिशात! झोत सरळ समोरच्या भिंतीवर, हलेना की विझेना. शेठ एका कपाटात शिरले आणि आतून दार ओढून घेतलं. आजोबांचा आवाज तेवढा शांत. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "सुरू झालाय. आता इंटरव्हललाच या."

तेव्हापासून जेवणानंतरची झोप मी खालीच, वॉचमनच्या स्टुलाशेजारी काढतो. खोटं बोलून जिवंत माणसाला मारलं तर त्याच्या जागी दुसरंच कुणी राहायला येतं का हो? तुम्ही इतकी वर्षं तिथे एकटे बसलात, तुम्हाला ठाऊक असेल. मामीला नमस्कार.

तुमचा (अजून असलो तर) लाडका भाचा

ता.क. खरं काम राहिलंच. शनिवारच्या आत या आणि शेठना जिवंत दिसा, म्हणजे सौदा मोडेल. पांढरा सदरा नको. मागून हाक नको. खांद्यावर हात ठेवणार असाल तर आधी चोळून गरम करा.

आणखी ता.क. पत्र पाकिटात घालण्याआधी जीव मुठीत धरून वर जाऊन आलो. माझ्या गादीवर चादर घडी करून ठेवलेली. मी जन्मात चादरीची घडी घातलेली नाही. तुमचं स्टूल भोकापाशी ओढलेलं, हात लावला तर ऊबदार, आणि खाली अर्धी चावलेली लवंग. तुमच्यासारखी लवंग इथे कुणी चघळत नाही. आजोबांना विचारलं, वर कोण आहे? तर मिशीत हसून म्हणाले, "मला काय विचारतोस? तूच मारलंस ना त्याला?"

मामा, हे पत्र गावच्या पत्त्यावर टाकू की स्टुलावर ठेवू? तुम्हीच असाल तर हात जोडतो, खाली उतरा आणि शेठना भेटा. तुम्ही नसाल तर मला काही म्हणजे काही कळवू नका. मी तुम्हाला मारलं हे हवं तर गावभर सांगा, सोसेन. पण वरून तुम्ही बघितलंच असेल, शेठ ज्या कपाटात शिरले, त्यात त्यांच्या आधी मी होतो. तेवढं मात्र, पाया पडतो, कुणाला सांगू नका.