चेरीचा सौदा

१८ ऑक्टोबर २००९
उशिराबद्दल आधी या वहीची माफी मागतो. ही डायरी कृषी केंद्रवाल्याने जानेवारीत दिली होती. रोज लिहायचं तेव्हाच ठरवलं होतं. पहिलं पान आज उघडतो आहे. दोष माझा नाही, चष्म्याचा आहे. आता रोज लिहिणार, खंड नाही.

सून पौर्णिमा उद्या भाऊबीजेला हिवरखेडला माहेरी चालली. सोबत नात गुड्डी, चौथीत आहे. तिथे नेट नाही. म्हणून गुड्डीने तिचं वासरू माझ्यावर सोपवलं. वासरू कॉम्प्युटरमध्ये आहे. मुलांना खेळता खेळता शिकवणारी वेबसाइट म्हणे. एक प्रश्न बरोबर सोडवला की एक पेंढी चारा पडतो. रोज तीन पेंढ्या लागतात. नाही दिल्या तर वासरू वाळतं. जूनपासून पोरीने ते वाढवलं आहे. नाव चेरी. वासराचं नाव चेरी!

गुड्डीने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घ्यायला लावली. मी म्हणालो, अगं, उभा जन्म बैलांच्या दलालीत गेला माझा. अकोल्यापासून चांदूर रेल्वेपर्यंत एकाही माणसाने मला फसवलं नाही. एक वासरू सांभाळता येणार नाही का?

२० ऑक्टोबर
पाहिलं. शी. रंग गुलाबी. पापण्या नाचणारीसारख्या. शिंगं फुटली नाहीत आणि कपाळाला रिबीन. वशिंड नाही, गळ्याखाली लोंबणारी पोळी नाही, शेणाचा पत्ता नाही. गोठ्यात बाजा वाजतो. चारा टाकला की म्हणे ते ‘थँक यू’ म्हणतं. जनावर थँक यू म्हणतं ही कल्पनाच किळसवाणी आहे.

पहिला प्रश्न: एका शेतकऱ्याकडे १२ बैल होते. त्याने ५ विकले. किती उरले? मी शून्य लिहिलं. जो पाच विकायला काढतो, तो बाकीचे ठेवत नाही. हल्ली बाजारात सगळे विकायलाच येतात, घ्यायला कोणी नाही. माझा धंदा त्यातच बसला. पण वेबसाइटचं म्हणणं चूक. एक जोकर आला, ढोल बडवून हसला. संताप आला. कॉम्प्युटर बंद केला. उद्या सहा पेंढ्या टाकीन, हिशेब बरोबर होईल.

२१ ऑक्टोबर
लाइट नाही. जबाबदार मी नाही.

२२ ऑक्टोबर
प्रश्न: सकाळी आपल्याला कोण उठवतं? कोंबडा, गजर की मोबाइल? म्हातारा माणूस झोपतच नाही, हे त्यात नव्हतं. कोंबड्यावर बोट ठेवणार होतो, पण आमच्या राजापेठेत, भर शहरात, कोंबडा कुठून आणायचा? मोबाइल म्हणालो. जोकर.

संध्याकाळी गुड्डीचा फोन. आबाजी, चेरीनं खाल्लं का? म्हटलं, पोटभर. रवंथ करते का? म्हटलं, आरामात बसून करते. याला खोटं म्हणत नाहीत. लेकराची सुट्टी खराब करायची का?

२५ ऑक्टोबर
वासराच्या बरगड्या दिसू लागल्या. डोळ्याखाली पाण्याचा एक थेंब काढला आहे. तो पडतही नाही, सुकतही नाही. बायको सुभद्रा मागे येऊन उभी राहिली. अवो, ते रडून राहिलं. मी म्हणालो, थंडीचं पाणी आहे, जनावरांच्या डोळ्याला येतं. ती म्हणाली, नितेशले विचारा, तो भरभर उत्तरं देते. नितेशला, म्हणजे आमच्या मुलाला, विचारायचं तर त्याच्याकडून गुड्डीला कळणार. नको.

मुळात दोष त्या जातीत आहे. मी हातात आल्याबरोबर ओळखलं होतं, हे वासरू अंग धरणार नाही.

२७ ऑक्टोबर
काम फत्ते.

त्या वेबसाइटमध्ये बाजारही आहे, हे गुड्डीने सांगितलंच नव्हतं. जनावराची अदलाबदल करता येते. ‘शेर-ए-अकोट’ नावाच्या व्यापाऱ्याने बैलजोडी लावली होती. फोटोच्या जागी सिंहाचं तोंड. अकोटकडचे व्यापारी मला माहीत आहेत, मिशीला पीळ देऊन बोलणारे. पण जोडी! पांढरीशुभ्र, शिंगं सरळ, पाठीवर झूल. अशी जोडी कित्येक वर्षांत पाहिली नाही. आणि खाली लिहिलेलं: चारा लागत नाही. त्याला बदल्यात माझी रडकी कालवड पुरेशी होती. त्याला काही समजतच नसावं.

सौदा उघड्यावर करायची आपल्याला सवय नाही, बैलबाजारात भाव दुपट्ट्याखाली बोटं दाबूनच ठरतो. माउसवर दुपट्टा टाकला, त्याखाली बोट दाबलं. झालं. सुभद्रा म्हणाली, बाप्पा, उंदराले पांघरूण कावून घातलं जी? बायकांना धंद्यातलं समजत नाही.

जोडी पाहून गुड्डी नाचेल.

३० ऑक्टोबर
जोडी अप्रतिम आहे. खात नाही, पीत नाही, पोट खपाटीला जात नाही. शेपूट हलवत नाही. सुभद्रा म्हणाली, पापणीबी नाई हलवत ते. मी म्हणालो, याला शिस्त म्हणतात. लाथ मारणारे बैल विकता विकता आयुष्य गेलं, तेव्हा शांत जनावराची किंमत मला कळते.

फोन आला. चेरी कशी आहे आबाजी? म्हटलं, आता तिला काहीच कमी नाही.

४ नोव्हेंबर
गुड्डी आली. चप्पल न काढताच कॉम्प्युटरसमोर बसली. चेरी कुठी गेली? मी खुर्चीमागे उभं राहून जोडीची चारही शिंगं, चारही खांदे समजावून सांगू लागलो. तिने पडद्यावर बोट ठेवलं. आबाजी, हे बैल नाईत. हे स्टिकर आहे. गोठ्याच्या भिंतीले चिकटवाचे. फुकट भेटते सगळ्याइले.

मग तिने सिंहावर बोट दाबलं. आतून पान उघडलं. नाव जेबा. वर्ग दुसरा. आवड: चित्र काढणे.

नितेश पोट धरून हसला. म्हणाला, बाबा, दुसरीच्या पोरीनं गुंडाळलं तुमाले! गुड्डीचं तोंड पाहिलं तेव्हा थांबला. ती एवढंच बोलली, तुमी तं म्हणे रवंथ करते. मग आईच्या मागे गेली.

ही वेबसाइट म्हणजे निव्वळ फसवणूक आहे. मुलांवर काय संस्कार होणार? सरकारने बंद केली पाहिजे. सविस्तर तक्रार लिहिणार.

७ नोव्हेंबर
तक्रार अजून लिहिली नाही. गुड्डी जेवताना माझ्याकडे पाठ करते. पाणी मागितलं तर पेला ठेवून निघून जाते. लेकरांचा राग दोन दिवसांचा असतो. हा थोडा चिवट निघाला.

रात्रीची गोष्ट मी सांगायचो, ती आता सुभद्रा सांगते. तिला धड येतही नाही.

९ नोव्हेंबर
सुभद्रामार्फत गुड्डीचा निरोप आला: सौदा तुमी केला, चिठ्ठी तुमीच लिहा. वेबसाइटवर जेबाला चिठ्ठी पाठवता येते. नितेश टाइप करून देणार आहे. केलेला सौदा मी कधी मोडला नाही, हाही मोडत नाही. केवळ चौकशी करतो आहे. आधी इथे कच्चं लिहितो.

जेबा बेटी, मी गुड्डीचा आजोबा शेषराव. सौदा तू चोख केलास, तक्रार नाही. जोडी परत घे, मला ती जमली नाही. चेरी आमची होती. तू सध्या चारा टाकतेस का? तुझी उत्तरं बरोबर येत असणार. ती परत द्यायची नसेल तर तसं सांग, मी ऐकून घेईन. पण ती खाते की नाही, तेवढं खरं कळव. रडते का, तेही. मी सांगितलेलं इथे कोणी खरं मानत नाही. तुझ्या हातची चिठ्ठी असली तर गुड्डीला दाखवता येईल. शाळेला वेळ असेल तर आजच लिही, नाहीतर उद्या. लवकर कळव, बेटी.