ध्रुवण

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर "सारे ठीक" ऐकून आपण निश्चिंत असताना हे पत्र लिहिण्याचे धाडस करते, क्षमा असावी. जेवण खरोखरच ठीक आहे. आईचा गुडघा कसा आहे?

प्रयोगशाळेत लेझरने पोलादावर उमटवलेल्या सूक्ष्म रेषा काल आडव्याऐवजी उभ्या आल्या. "प्रकाशाचे ध्रुवण फिरले, म्हणून रेषाही फिरल्या," मी म्हणाले. आमचे वरिष्ठ सौरव हसले, "ध्रुवण काय वं? ध्रुवबाळाची गोष्ट सांगून राहिली का?" आज तेच कारण त्यांनी "पोलरायझेशन" म्हणत आमच्या मार्गदर्शक सरांना स्वतःचे म्हणून सांगितले.

आपण शिकवलेल्या शब्दाला हसायचे आणि त्याचा अर्थ मात्र चोरायचा, हा कुठला न्याय? उद्याच्या बैठकीत मी सरांसमोर बोलणार आहे, आणि ध्रुवणच म्हणणार आहे.

आपली,
मयुरा

नागपूर, बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी टपालात टाकले.