तुझ्या हातचा ढ

प्रिय ताई,

हे पत्र हाताने लिहितोय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं तूच म्हणायचीस, तेव्हा वाचताना होणारा त्रास सोस. संगणकावर लिहिलं असतं तर सुबक दिसलं असतं, पण तुझ्या अक्षरात दिसलं असतं. तेवढा निर्लज्जपणा आज जमला नाही.

आठवतं, तीन वर्षांपूर्वी मला अचानक तुझा पुळका आला होता? दर पंधरा दिवसांनी पत्र, आणि वर हट्ट की फोन नको, लिहूनच कळव. तू बिचारी कटनिबच्या पेनाने चार-चार पानं पाठवायचीस. उजवीकडे झुकलेली अक्षरं, लांब सोडलेल्या वेलांट्या. खरं सांगतो, मला तुझी खुशाली नको होती. तुझ्या वळणावरून मी एक तिरपा फॉन्ट बनवत होतो. ज्या अक्षरांचे चांगले नमुने मिळत नव्हते, ती उत्तरात येतील असे प्रश्न मी शोधून काढायचो. झ हवा होता म्हणून खिडकीबाहेरच्या झाडाची चौकशी केली. ढ हवा होता म्हणून विचारलं, जिने चढायला जमतं ना?

संच पुरा झाला आणि माझी पत्रं थांबली. रागावलास का रे, असं तू दोनदा विचारलंस. मी कामाच्या नावाखाली कानाडोळा केला.

फॉन्ट मात्र खूप चालला. निमंत्रणांवर, अत्तराच्या बाटल्यांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर सगळीकडे तूच आहेस, नाव माझं. गिऱ्हाइकांना मी पढवल्यासारखं सांगतो, हा शीर्षकापुरताच वापरा, मोठा ठेवा, अख्खा मजकूर यात लावू नका, कुणी वाचणार नाही. मीही तेच केलं की. अक्षरं पाहिली, मजकूर वाचलाच नाही.

परवा भाचीचा फोन आला. शुक्रवारी तुझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे म्हणाली, आणि आईने इतकी वर्षं कुणालाच कसं सांगितलं नाही, म्हणून रडली. फोन ठेवून मी खोक्यातून ते जिन्यांच्या उत्तराचं पत्र काढलं. ढभोवती माझंच पेन्सिलीचं वर्तुळ, बाजूला 'उत्तम' असा शेरा. वाक्य पहिल्यांदाच पुरं वाचलं. 'दोन जिने चढताना छातीत दुखतं. घरी बोलले नाही, तुलाच सांगतेय. डॉक्टरकडे जाऊ का रे?' ताई, त्यावर मी तुला छत्रीचा रंग विचारला होता. मला छ हवा होता, 'छातीत'मधला पुसट उमटला होता.

आज सकाळी मी पडद्यावर तुझ्या अक्षरात टाइप करून पाहिलं, 'ये, मी रागावले नाही.' हुबेहूब तुझा हात. माझेच डोळे भरले आणि माझीच लाज वाटली. ते पुसून टाकलं आणि हा कागद घेतला. तसं तू लिहिलंस तरच ते खरं. नाही लिहिलंस तरी शुक्रवारी मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला असेन, आणि तुझी सगळी पत्रं पहिल्या ओळीपासून वाचत असेन.

तुझाच,
कोंबडीच्या पायांचा धाकटा